उपासाची खिचडी

"मावशी, याला काल काय खायला घातलंत?" तपासणीच्या खोलीतून बाहेर येतानाच डॉक्टर यशोधराबाईंचा आवाज चढला होता.

शालन बाकावरून उठली. "अन्नाचं शीत दिलं न्हाई. उपास धरायचा म्हनला व्हता ना तुमी? साबुदान्याची खिचडी केली, कूट घालून. वर राजगिऱ्याचा लाडू. बास."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दवाखान्यातून तिला फोनवर 'आदल्या दिवशी उपास' एवढंच सांगितलं गेलं होतं. त्यात आली एकादशी. आणि परंदवडीत शालनच्या घरी उपास म्हणजे हेच.

गोरख तिचा एकुलता एक. आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार. दोनदा आतडं कापून जोडलेलं, आणि आता जोडाच्या जागीच ते आवळून पेन्सिलीहून बारीक झालेलं. खालून दुर्बिणीची नळी घालायची, त्या अरुंद जागेत छोटा फुगा फुगवायचा आणि वाट मोकळी करायची, असं ठरलं होतं. त्यासाठी आतडं धुतल्यासारखं स्वच्छ हवं. नळीसमोर आला तो शेंगदाण्याचा चोथा.

"नाकातून नळी घालून पोट रिकामं करते, उद्या पुन्हा बघते," डॉक्टर म्हणाल्या. "तेही जमलं नाही तर कापावं लागेल. आणि मावशी, तिसऱ्यांदा कापलं तर अन्न अंगी लागायला आतडंच पुरणार नाही. जन्मभर सलाइनवर."

गोरखला वॉर्डात आणल्यावर शालन भिंतीकडे तोंड करून देवाशी भांडू लागली. "पांडुरंगा, तुजीच एकादशी व्हती ना रं? सप्त्यात बुवा गळा भरून सांगत्यात, भक्ताचा घास तू मागून खातोस. मग माज्या लेकाच्या पोटातला घास तुला सोसंना व्हय?"

खाटेवर गुडघे पोटाशी घेतलेला गोरख पुटपुटला, "आये, देवाला बोलू नगं. मला ठावं व्हतं."

"काय?"

"खायचं नसतं ते. सिस्टरनं मला येगळं सांगितलं व्हतं, निस्तं पानी म्हनून. पर किती दिस पेज पितूया. तू ताट आनलंस, जिऱ्याचा वास आला... न्हाई आवरलं."

"मुडद्या! म्हंजी मगापासनं देवाला शिव्या घातल्या त्या फुकटच?"

तो हसला, आणि हसण्याच्या कळेनंच वाकडा झाला. शालनला आता रागवायलाही कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी फुगा आत गेला. डॉक्टर बाहेर आल्या, पण तोंडावर हसू नव्हतं. "निम्मंच उघडलं. आणखी ताणलं असतं तर फाटलं असतं. आता वारा सरतो का बघायचं. सरला तर वाट चालू झाली, महिन्याभरानं पुन्हा फुगा घालू. पोट फुगतच गेलं तर आजच ऑपरेशन."

शालन लेकाच्या पोटावर हात ठेवून बसली. पोट पखवाजासारखं ताणलेलं. कीर्तनात सगळ्यांच्या आधी जिचा टाळ वाजायचा, तिला अभंगाची एक ओळ पुरी आठवेना. दुपार कलली. सिस्टर दोनदा येऊन पोट दाबून मान हलवून गेली.

मग गोरखनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "आये, जरा तिकडं बघ."

"का रं?"

उत्तर आपणहूनच आलं. लांबलचक. समोरच्या खाटेवरचे आबा खुसकन हसले. गोरखनं चादर तोंडावर ओढली.

शालनचे डोळे वाहत होते आणि हात टाळ्या वाजवत होते. "विठ्ठल, विठ्ठल! लाजू नगं माज्या राजा. आनिक एक येऊ दे."