सिअर, शिअर आणि बाईंचा आरसा

बाईंची शिकवायची रीत एकच. मुलाला समोर बसवायचं, हातात छोटा आरसा द्यायचा आणि बजावायचं, "माझ्या तोंडाकडे बघ. माझी जीभ जिथे जाते तिथेच तुझी ने." गल्लीतली निम्मी पोरं अशीच इंग्रजी बोलायला शिकली होती. आता पाळी होती नातीची, म्हणजे भिंगरीची.

शाळेच्या इंग्रजी स्पर्धेच्या संघात एक जागा रिकामी होती. ऐकायला जवळपास सारख्या, पण अर्थाने वेगळ्या अवघड शब्दांची तोंडी परीक्षा घेऊन ती भरायची होती. त्या जागेपायी भिंगरीने खेळणंसुद्धा सोडलं होतं. अर्थ तर बाईंनी घोटून घेतले होते. सिअर म्हणजे चटका देऊन वरून करपवणं, शिअर म्हणजे मेंढीची लोकर कातरणं. सॅलो म्हणजे आजाऱ्यासारखं पिवळट, शॅलो म्हणजे उथळ.

"बाबांच्या विनोदांसारखं!" भिंगरी म्हणायची.

परीक्षेला बाई आणि सूनबाई मागच्या बाकावर बसल्या. परीक्षकांनी पहिली जोडी फळ्यावर लिहिली.

"शिअर," भिंगरी ठणठणीत आवाजात म्हणाली, "म्हणजे करपवणं. आणि शिअर म्हणजे लोकर कातरणं."

बाई बाकावरून पुढे वाकल्या. पोरीला झालं तरी काय?

दुसरी जोडी आली. "शॅलो म्हणजे पिवळट. शॅलो म्हणजे उथळ."

वर्गात खसखस पिकली. "बाळ, तू दोन्ही सारखेच म्हणतेस," परीक्षक म्हणाले.

"नाही सर! आजी अश्शीच म्हणते. आरशात बघून शिकलेय मी."

बाई सुनेकडे वळल्या. "अगं, मी असं म्हणते?"

सूनबाईंनी मान खाली घातली. "नवी कवळी बसवल्यापासून, आई."

"आणि घरात एकानेही सांगू नये?"

"तुमच्या उच्चारांना आम्ही नावं ठेवायची? ह्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण धीरच झाला नाही."

बाईंच्या कानांना तर स्वतःचा 'स' अगदी स्वच्छ ऐकू येत होता! आणि पोरगी त्यांची कवळीसुद्धा मन लावून गिरवत होती.

त्या उठल्या. "सर, चूक तिची नाही. माझी कवळी सैल आहे आणि तिने माझी बिनचूक नक्कल केलीय. एकदा तुम्ही म्हणून दाखवा. मग काय गुण द्यायचे ते द्या."

परीक्षक क्षणभर घुटमळले. मग त्यांनी नवी जोडी लिहिली आणि सावकाश म्हटली, "सीद. शीद."

भिंगरीने सवयीने आजीच्या तोंडाकडे पाहिलं. बाईंनी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आजी?"

"तिकडे बघ."

मग मागून आवाज आला. "स्... सीद. शीद." दोन्ही वेगवेगळे, लख्ख.

"अर्थ?"

"शीद म्हणजे तलवार म्यानात घालणं. आणि सीद म्हणजे आतल्या आत धुमसणं. आजीने दुपारी टीव्ही मोठ्याने लावला की आई धुमसते ना, तसं!"

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. परीक्षकसुद्धा हसले. "बस खाली. संघात आलीस तू."

टाळ्या पडल्या. बाई मात्र तोंडावर हात धरून भिंतीकडेच बघत उभ्या होत्या. गल्लीतली आणखी कोणकोण पोरं हल्ली त्या आरशासमोर बसून गेली, ते त्या एकेक करून आठवत होत्या.