पडद्यावरचे दोन आकडे

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठामागच्या पडद्यावर भाऊजींच्या रक्ताचे दोन आकडे झळकत होते: आधी नऊशे, मंतरलेलं पाणी प्यायल्यावर सहा. "यकृताचा कॅन्सर गेला. मी म्हणत नाही, विज्ञान म्हणतंय," पाणीबाबा माइकवरून नम्रपणे सांगत होते. तपासणीचं नाव जिथे असायला हवं, तिथे बाबांचा हसरा फोटो होता. पुढच्या रांगेत ताई आनंदाने रडत होती.

मी रक्त तपासणारा डॉक्टर. असले चमत्कार पाहून पाहून आता रागवायचाही कंटाळा येतो. पण भाऊजींची गाठ लहान होती, कापून काढण्याजोगी, आणि त्यांनी ऑपरेशनला नकार कळवून टाकला होता. गप्प बसून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघांना लॅबमध्ये बोलावलं. भाऊजी आले ते फक्त ताईचं मन राखायला. एकाच नळीतल्या रक्तावर मी यकृताच्या कॅन्सरसाठी करतात त्या दोन्ही तपासण्या केल्या, एएफपी आणि पिव्का. एएफपी सहा निघाली, म्हणजे ठीक. चाळीसच्या आत हवी असलेली पिव्का बाराशेवर गेली होती.

"बाबांकडे पहिल्यांदा कोणती तपासणी केली होती?" मी विचारलं.

"दोन केल्या होत्या. नंतर एकच," भाऊजी म्हणाले.

तीच तर मेख होती. या कॅन्सरमध्ये काही गाठी एएफपी वाढवतात, काही पिव्का, काही दोन्ही, तर काही एकही नाही. म्हणून दोन्ही तपासण्या शेजारी ठेवून बघायच्या असतात. बाबा आधी दोन्ही करून घेत, वाढलेला आकडा पडद्यावर लावत, आणि पाणी पाजून झालं की मुळातच ठीक असलेली तपासणी तेवढी पुन्हा करत. आधी वजन करायचं, मग उंची मोजायची आणि म्हणायचं, बघा किती बारीक झालात.

ताईने हळूच विचारलं, "म्हणजे पाण्याने काहीच झालं नाही?"

"तहान भागली असेल," मी म्हणालो. बोललो आणि वाईट वाटलं.

भाऊजींनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "सर्जनला फोन लाव."

स्कॅनमध्ये गाठ जवळजवळ दुप्पट दिसली. अजून काढता येईल, पण यकृताचा मोठा भाग जाईल, असं सर्जन म्हणाले.

श्रद्धा कुणावर ठेवायची ती ठेवा, भांडायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. फक्त कुणी आकडा दाखवला, तर तो कशाचा आहे आणि आधीही तेच मोजलं होतं का, एवढं विचारा. त्याला डॉक्टर असावं लागत नाही. भाऊजींनी ते विचारलं असतं, तर ऑपरेशन लहान झालं असतं.