गोविंदासाठी स्थळ

सशाला स्वतःच्या जिभेने सगळं अंग साफ करता येतं, एक जागा सोडून. नाकाच्या वरून दोन डोळ्यांच्या मधून कपाळापर्यंत जाणारी बोटभर पट्टी. तिथे जीभ पोचत नाही. पुढचे पंजे चाटून ओले करायचे आणि तोंडावरून फिरवायचे, एवढंच त्याच्या हातात असतं. पण पंजा घसरतो, आणि त्या पट्टीवरचे केस थोडे विस्कटलेले, थोडे चिकटलेले राहतात. नीरजाला हे कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. गोविंदाकडे बघून बघून कळलं होतं. रोज संध्याकाळी ती अंगठा ओला करून ती पट्टी पुसायची. तो मान जमिनीला टेकवून, डोळे अर्धे मिटून पुसून घ्यायचा. तिने हात काढला की नाकाने ढोसायचा.

नीरजा डोंबिवलीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं. त्याची खंत तिला नव्हती आणि लोकांनीही विचारायचं केव्हाच सोडलं होतं. गोविंदा तिच्याकडे आला तो तिच्या भाच्यामुळे. मुकुल ठाण्याला राहतो. एका दहीहंडीला टेंभी नाक्यावर गेला असताना गर्दीच्या कडेला कुणीतरी पिंजऱ्यातून सशाची पिल्लं विकत बसला होता. मुकुलने एक उचललं, घरी आईने दारातच अडवलं, आणि तो तसाच आत्याकडे येऊन थडकला. दोन दिवस ठेव, मग मी नेतो, म्हणाला. नाव त्यानेच ठेवलं. ते दोन दिवस अजून संपायचे होते.

ससा एकट्याने राहणारा प्राणी नव्हे, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई दर तपासणीला आठवण करून द्यायच्या. त्याची नसबंदी करून घेतली तीही त्याच विचाराने, की पुढेमागे जोडीदारीण आणायची. पण ते पुढेमागे काही येईना. कधी उन्हाळा फार होता, कधी घराची रंगरंगोटी काढली होती. शिवाय गोविंदा खात होता, पीत होता, हॉलभर उड्या मारत होता. तो एकटेपणाने दुःखी आहे याला पुरावा काय, असं ती मुकुलला एकदा म्हणाली. एका सशावरून निष्कर्ष काढता येत नाही.

"आत्या, तू सासूबाई व्हायला घाबरतेस," मुकुल म्हणाला.

ती हसली, पण रात्री भांडी विसळताना तिला वाटलं, पोरगा फार चुकलेला नाही. याला जोडीदारीण मिळाली, तर संध्याकाळी हा माझ्या पायाशी कशाला येईल?

शेवटी तिला हलवलं ते गोविंदाच्या तळव्यांनी. मागच्या तळव्यांवरचे केस झिजले आणि खालची कातडी लालसर दिसायला लागली. घरातल्या लाद्या गुळगुळीत होत्या. तिने हॉलभर सतरंज्या अंथरल्या, तरी तो दाराजवळच्या उघड्या लादीवरच जाऊन बसायचा. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि म्हणाल्या की मऊ जमीन हवी, आणि हिंडायला काही कारण हवं. एका जागी बसून राहतो, म्हणून असं होतं.

पुरावा हवा होता ना, तो हा असा समोर आला.

त्याच सुमारास दर्शनाचा फोन आला. दर्शना तिची जुनी विद्यार्थिनी, आता कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. तिचे सासरे शिवराम टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. शहाडला त्यांचं बैठं घर होतं आणि घरात सशांची जोडी होती, काळू आणि ठमाबाई. काळू आजारी पडून गेला. तेव्हापासून ठमाबाई भिंतीकडे तोंड करून बसायची आणि शिवरामांनी हातात धरलेली कोथिंबीर तेवढी खायची.

"मॅडम, आमच्या ठमाबाईसाठी स्थळ बघतोय," दर्शना म्हणाली. "तुमचा मुलगा अजून मोकळाच आहे ना? आमच्यात पत्रिका बघत नाहीत, ते एक बरंय."

"सशांची आमच्यातही बघत नाहीत," नीरजा म्हणाली.

ठमाबाईचं ऑपरेशन झालेलं होतं, वयही गोविंदाच्या आसपासचं. दर्शनाने येत्या रविवारी पोहे खायला यायचं आमंत्रण दिलं. नीरजाने गोविंदाला टोपलीत घातलं आणि रिक्षाने शहाड गाठलं.

आणि इथेच चूक झाली. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायचं, पोहे खायचे, मुलगी बघायची, ही रीत दोन्ही घरांच्या अंगात इतकी मुरलेली होती की दुसरं काही कुणाला सुचलंच नाही. स्वतःच्या बाबतीत नीरजाने हा कार्यक्रम एकदाही होऊ दिला नव्हता. सशाच्या बाबतीत मात्र ती इस्त्रीची साडी नेसून गेली. मादी नरापेक्षा जास्त हद्द सांभाळते, परका नर तिच्या जागेत नेऊन सोडायचा नसतो, हे तिने वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, आणि तरीही ती हातात पोह्यांची बशी घेऊन बसली होती.

शिवरामांनीही इस्त्रीचा शर्ट घातला होता. उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांनी तिला मागचं अंगण दाखवलं. मातीची जमीन, भोवती जाळी, जास्वंदीच्या बुंध्याशी उकरलेले खड्डे, आणि सावलीत शेजारी शेजारी टाकलेली दोन गोणपाटं. एकावर ठमाबाई बसली होती, राखाडी, गुबगुबीत, कुणी काही विचारेल तर उत्तर देणार नाही अशा चेहऱ्याची. दुसरं गोणपाट झटकून स्वच्छ ठेवलेलं होतं. ते उचललं नाही अजून, एवढंच शिवराम म्हणाले.

गोविंदाला खाली ठेवलं. तो मातीवर दोन पावलं गेला, थांबला, आणि पंजाने माती उकरू लागला. जन्मात कधी न केलेली गोष्ट तो रोजच्यासारखी करत होता. मग तो दुसऱ्या गोणपाटाकडे वळला, आणि ठमाबाईने मागचा पाय आपटून जी झेप घेतली ती थेट त्याच्या कानावर. शिवरामांनी टॉवेल टाकून तिला उचललं नसतं तर कान फाटला असता. अंगणात पांढऱ्या केसांचे झुबके उडत राहिले.

"मुलीला पसंत नाही," दर्शना हळूच म्हणाली.

परतीच्या रिक्षात नीरजाला त्या फाटता फाटता वाचलेल्या कानापेक्षा तिची स्वतःची चूक जास्त झोंबत होती. त्याहून जास्त झोंबत होतं ते हे, की मनाचा एक कोपरा सुटल्यासारखा झाला होता. चला, जमलं नाही. आपण प्रयत्न केला. घरी पोचल्यावर गोविंदा टोपलीतून उतरला आणि थेट दाराजवळच्या लादीवर जाऊन बसला. तिने त्याचे तळवे बघितले. मग दर्शनाला फोन केला आणि सांगितलं की चूक माझी आहे, जागा चुकली. दोघांनाही परकी असेल अशा जागी पुन्हा बघू.

अशी जागा मिळाली ती नीरजाच्या सोसायटीच्या ऑफिसात. सेक्रेटरी मधुकाकांनी आधी नियम सांगितले, मग चहाच्या अटीवर किल्ली दिली. दर्शना लॅब सुटल्यावर यायची तर उशीर झाला असता, म्हणून शिवरामच रोज दुपारी ठमाबाईला टोपलीतून घेऊन यायचे. येताना ते तिच्या गोणपाटाचा एक तुकडा आणायचे आणि जाताना गोविंदाच्या सतरंजीचा तुकडा घेऊन जायचे, म्हणजे घरी गेल्यावरही एकमेकांचा वास राहील. ही नीरजाची सूचना होती. ते ती मुकाट्याने, काटेकोरपणे पाळत होते.

पहिले काही दिवस दोघं ऑफिसच्या दोन टोकांना बसली. मग ठमाबाईने त्याला टेबलाभोवती पळवलं. मग पळवणं कमी झालं आणि ती मध्येच मान खाली घालून त्याच्यासमोर थांबू लागली. कपाळ चाट, असा तो हुकूम होता, आणि गोविंदाला तो समजायला वेळ लागला. आयुष्यभर त्याने चाटून घेण्याऐवजी पुसून घेतलं होतं. पण समजलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो चाटायचा आणि ती नुसती करवून घ्यायची.

नीरजा आणि शिवराम प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून बघत असायचे. बोलणं थोडंच व्हायचं. बायको गेल्यावर मुलाने हे दोन ससे आणून दिले, असं एकदा ते म्हणाले. दुपारी मुलगा आणि सून दोघं कामावर; घरात तेवढीच हालचाल. नीरजाने कॉलेजमधल्या प्रयोगशाळेबद्दल सांगितलं. मधुकाका डोकावून विचारायचे, "काय, याद्या झाल्या का? देणंघेणं काय ठरलं?" त्यावर शिवराम गंभीरपणे म्हणायचे की आम्ही हुंडा देत नाही आणि मागतही नाही.

एका दुपारी ठमाबाई उठली, गोविंदाच्या समोर आली आणि त्याच्या दोन डोळ्यांच्या मधली पट्टी चाटू लागली. सावकाश, खालून वर, पुन्हा खालून वर. गोविंदाने डोळे अर्धे मिटले नाहीत, पूर्ण मिटले. नीरजाने ते डोळे असे मिटलेले कधी पाहिले नव्हते. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप मुठीत गेला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता उशीर करू नका. जमलेली जोडी रोज तोडून घरी नेलीत तर बिघडेल. एका घरात ठेवा.

कुठल्या घरात, हे कुणीच विचारलं नाही, कारण उत्तर सगळे धरूनच चालले होते. मुलगी सासरी जाते. मुकुलने ठाण्याहून फोनवर आत्याला सून येणार म्हणून चिडवलं. मधुकाकांनी पाठवणीला रुमाल आणायचा का, असं विचारलं. एकट्या दर्शनाने फोनवर चाचरत विचारलं की मॅडम, ठमाबाई तुमच्याकडेच ना, म्हणजे आम्ही तयारी करायला, आणि नीरजा म्हणाली, बघू. दुसऱ्यांदा विचारल्यावरही बघू म्हणाली. सगळी उत्तरं तिच्याजवळ होती: लाद्या, तळवे, माती, जाळीचं अंगण, पहिल्याच दिवशी माती उकरणारा गोविंदा. मादीला उचलून नव्या जागी आणण्यात काही फायदा होता का? गोविंदाची हद्द नीरजाकडच्या त्या एका लादीएवढीच होती. आणि अंगण नीट झाडून, गोणपाटं बदलून दिली तर ठमाबाईलाही तिथे तो परका वाटणार नव्हता. विद्यार्थ्याने अशी नोंद लिहून शेवटी निष्कर्षाची ओळ कोरी सोडली असती, तर तिने ती वही परत केली असती.

तिला भीती निष्कर्षाची नव्हतीच. संध्याकाळी दार उघडल्यावर घरात जी शांतता असेल, तिची होती.

ठरलेल्या दुपारी शिवराम आले ते टोपली आणि एक कापडी पिशवी घेऊन. ठमाबाईला खाली सोडल्याबरोबर ती जाऊन गोविंदाला खेटून बसली. शिवराम खुर्चीवर बसले नाहीत. पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. पाण्याचं मातीचं परळ. घडी घातलेलं गोणपाट. काळूचंही, वेगळी घडी घातलेलं. मेथीच्या काड्यांची जुडी.

"सकाळी हातातून दिल्याशिवाय खात नाही," ते म्हणाले. "म्हणजे खाईल हो, सवय झाली की. पण सुरुवातीला जरा हातात धरा. कोथिंबीर धरायची, देठाकडून."

"देठाकडून," नीरजा म्हणाली.

"आणि तिला एकदम उचलू नका. आधी हाक मारा. ठमाबाई म्हणा. नुसतं ठमा म्हटलं तर येत नाही." ते हसायला गेले. मग खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि परत लावला. "मनाची तयारी केलेली आहे मी. मुलगी म्हटलं की पाठवावीच लागते."

"कुणी सांगितलं?" नीरजाने विचारलं.

शिवरामांना प्रश्न कळला नाही.

नीरजा खाली वाकली. गोविंदाने मान वर केली नाही. ठमाबाईच्या पाठीवर हनुवटी टेकवून तो झोपला होता, मागचे पाय लांब पसरून, लालसर तळवे वर करून. तिने एका तळव्याला अगदी हलकेच बोट लावलं. तो हलला नाही.

ती उठली, टेबलावरचं परळ उचलून परत पिशवीत ठेवलं, त्यावर दोन्ही गोणपाटं ठेवली आणि पिशवी शिवरामांच्या हातात दिली.

"ठमाबाई कुठेही जाणार नाही, शिवरामराव. गोविंदा शहाडला येईल, तुमच्याकडे राहायला. आजच."