नाझेलीची घडवंची

मी एक जुनी लाकडी घडवंची आहे. पाण्याच्या हंड्यांची नव्हे, बाटल्यांची. तंबूसारख्या एकमेकींना टेकलेल्या दोन फळ्या आणि त्यांना भोकंच भोकं, असं माझं रूप. अंगणातला अक्रोड वादळात पडला, त्यातून मला तारोननं घडवलं, आपल्या बायकोसाठी, नाझेलीसाठी.

मित्रांनो, आमच्या डोंगरावर पाऊस बेताचा आणि रात्री गार. द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटगोड राहतात. नाझेलीला त्यांची बुडबुड्यांची वाईन करायची होती. तिचे सासरे वार्दगेस मात्र जन्मभर मातीच्या रांजणांत वाईन करणारे.

"फसफसली म्हणजे नासली, सूनबाई!" ते म्हणाले. "बरं, एकदा कर. बिघडली तर पुढच्या हंगामापासून सगळी द्राक्षं माझ्या रांजणात."

तळघरात वर्षभर आडव्या निजलेल्या बाटल्या हिवाळ्यात माझ्या भोकांत आल्या, माना खाली करून. रोज प्रत्येक बाटली जराशी फिरवायची, जराशी उभी करायची. मग आतला गाळ घसरत मानेशी येतो. मध्येच खंड पडला तर तो काचेला धरून बसतो. नाझेली पोटुशी होती, तरी गुणगुणत बाटल्या फिरवायची. मला फार आवडायचं ते!

अचानक तिला कळा येऊ लागल्या, दिवस भरायच्या आधीच. तारोन तिला घेऊन शहरातल्या इस्पितळात गेला आणि मागे बर्फानं घाट बंद झाला. माझ्या बाटल्या तशाच राहिल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी वार्दगेस खाली आले. इकडेतिकडे पाहिलं. चावेल की काय अशा भीतीनं एक बाटली धरली आणि हळूच फिरवली. मग दुसरी.

"चला गं बायांनो, सरका," ते पुटपुटले.

ते रोज येऊ लागले. एकदा सासूबाई सातेनिक जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

"काय हो, काय चाललंय?"

"काही नाही! उंदीर बघतोय."

"उंदीर काय बाटलीत बसलेत?"

"तू वर जा बघू!"

घाट मोकळा झाला. नाझेली लेकीला घेऊन घरी आली. बाळाला सासूबाईंच्या हातात देऊन ती उतरल्या चेहऱ्यानं तळघरात आली. तिनं एक बाटली उजेडात धरली. वाईन लख्ख, आणि गाळ सगळा मानेत!

"कुणी केलं हे?"

"मला काय विचारतेस?" मागून आलेले वार्दगेस म्हणाले. "थंडीनं झालं असेल."

"थंडीला तुमच्यासारख्याच मिशा असतात वाटतं!" सासूबाई जिन्यातून ओरडल्या.

नाझेली हसता हसता रडली.

मग पहिली बाटली उघडली. फट्! गाळ उडाला तो थेट वार्दगेसांच्या मिशांवर. त्यांनी पेला तोंडाला लावला. आम्ही सगळे श्वास रोखून.

"अगं, नाकात जातात की हे बुडबुडे!" ते दचकून म्हणाले, आणि त्यांनी पेला पुन्हा पुढे केला. "द्राक्षं तुझी, सूनबाई. माझ्या एका रांजणापुरती ठेव म्हणजे झालं."

त्या दिवशी बाळाच्या नावानं पेले भिडले. लवाशच्या पोळ्या आणि चीज तळघरातच आलं. तारोन माझ्याच फळीवर ताल धरून बसला होता.

पुढे बाटल्या फिरवणारं लोखंडी यंत्र आलं. मला अंगणात ठेवलं. कोंबड्या अंगावर बसायच्या. उन्हानं मी तडकले, बर्फानं फुगले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? एका वसंतात नाझेलीनंच मला घासून पुसून अक्रोडाचं तेल चोळलं आणि आत घेतलं. घरच्या बाटल्या आता माझ्याकडेच असतात.

मित्रांनो, लाकडाला ऊनपावसात टाकू नका. वरचेवर तेलाचा हात फिरवा, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. आणि घरातल्या कुणाचा जीव एखाद्या कामात अडकला असेल, तर तुम्हाला ते पटो न पटो, त्याच्या अडचणीच्या दिवसांत त्या कामाला हात लावा. हसणारे हसतील. हसू द्या त्यांना.