गेमच्या डब्यातलं लग्न

दारव्ह्याचे रामराव पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले, आणि मग विस्तार करायला त्यांच्याकडे फक्त स्वतःचं घर उरलं. मुलगा अमर पुण्यात नोकरीला होता. टीव्हीला लावायचं एक छोटं यंत्र पाठवतो, म्हणजे मोबाइलवरचं सगळं टीव्हीवर दिसेल, असं तो म्हणाला. रामरावांनी ते पोरखेळ म्हणून नाकारलं. माळ्यावर अमरचा गेम खेळायचा जुना कन्सोल पडला होता; त्याचंच आपण घरचं थिएटर करू, असं त्यांनी जाहीर केलं.

जाहीर त्यांनी केलं, काम परवेजने केलं. परवेजचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. कंपनीने कन्सोलला घातलेलं बंधन त्याने काढलं, आत दुसरं सॉफ्टवेअर टाकलं आणि हार्ड डिस्क जोडली की कुठलाही व्हिडिओ चालेल अशी सोय केली. रामराव तेव्हा शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होते. एवढ्या सहभागावर ते पुढे गावभर "आम्ही मॉडिफाय केला" असं सांगू लागले.

डबा सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घुमायचा. त्याला रिमोट नव्हता, गेमचा कंट्रोलर होता. त्यावर दोन दांड्या आणि मूठभर बटणं. रामराव तो ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगसारखा दोन्ही हातांनी धरून बसत. बायकोने, विजयमालाने, त्याला हात लावायचा नाही असा नियम होता, कारण तिला ते समजणार नव्हतं. तिने वाद घातला नाही. दुपारी रामराव वाचनालयात जात, तेव्हा मागे घरात डबा का घुमतो, हे शेजाऱ्यांना माहीत होतं, रामरावांना नव्हतं.

लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी लग्नाची जुनी कॅसेट यवतमाळच्या एका स्टुडिओतून डिस्कवर उतरवून आणली. दिग्रसहून विजयमालाचे थोरले भाऊ उकंडराव आणि वहिनी यांना बोलावलं, शेजारपाजारही जमवला. व्हिडिओ आधी पाहून ठेवला नाही. स्वतःचं लग्न काय तपासायचं? सुरू करण्यापूर्वी त्यांनी लहानसं भाषण केलं. त्या काळातही आपण हुंडा घेतला नाही, सासऱ्यांकडून फक्त नारळ घेतला, आणि स्कूटर तर मेहुण्याने प्रेमाने दिली, असा त्याचा सारांश होता. उकंडराव जमिनीकडे पाहत होते.

बँड झाला, मंगलाष्टकं झाली, पंगत आली. मुंडावळ्या बांधलेले तरुण रामराव भरल्या ताटावर तोंड फिरवून बसले होते. त्यांचे काका वधूपित्याच्या कानाला लागले. वधूपित्याने हात जोडले. मग एका सडपातळ पोरसवदा माणसाने खिशातून किल्ली काढली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि नवरदेवाच्या हातावर ठेवली. नवरदेवाने लगेच बुंदीला हात घातला. कॅमेरावाला कलावंत असावा. त्याने किल्ली अगदी जवळून टिपली होती.

रामरावांनी घाईने बटण दाबलं. चित्र संथ झालं आणि किल्ली सावकाश या हातातून त्या हातात गेली. दुसरं दाबलं, तर बुंदी खाणारे रामराव पडद्यावर थिजून राहिले. शेजारी छताचा पंखा न्याहाळू लागले.

विजयमालाने त्यांच्या हातातून कंट्रोलर घेतला. तिचे अंगठे न बघताच फिरले. रामरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिने चित्र मागे नेलं आणि ताटापासून पुन्हा सुरू केलं.

"दादा, हे त तुह्यीच गाडी होती," ती भावाला म्हणाली. "तू त म्हनला होता, तुह्यी दुसरी येऊन राह्यली."

"बाबा म्हनले, तिले सांगू नोको. सासरी जाऊन राह्यली." उकंडराव म्हणाले. "बुकिंग करून लय वर्षानं नंबर लागला होता त्या गाडीचा."

दुसरी गाडी कधी आलीच नव्हती. उकंडराव केस पिकेपर्यंत कापसाच्या जिनिंगवर कामाला सायकलनेच जात राहिले, हे वहिनींनी हळूच सांगितलं.

रामराव म्हणाले की तेव्हा रीतच होती, सगळेच रुसायचे.

"सगळेच करत होते ना? मंग सगळ्याईले पाहू द्या," विजयमाला म्हणाली, आणि पाठवणीपर्यंत तिने एक मिनिटही पुढे ढकललं नाही. पाहुण्यांनी श्रीखंड फार शांतपणे खाल्लं.

काही दिवस रामराव डब्यालाच दोष देत राहिले. व्हिडिओत परवेजनेच काही घातलं असावं, अशीही एक शंका त्यांनी मांडली. ती कोणी ऐकून घेतली नाही. शेवटी एका सकाळी ते एकटेच एसटीने दिग्रसला गेले. उकंडरावांच्या ओसरीवर बसून त्यांनी तुरीवर बोलून घेतलं, सोयाबीनवर बोलून घेतलं, अमरच्या पगारावर बोलून घेतलं. चहा संपला, तेव्हा बोलायला दुसरं काही राहिलं नाही.

"त्या गाडीचं माह्यं चुकलं, दादा," ते म्हणाले.

उकंडरावांनी कप खाली ठेवला. रागवतील, निदान रडतील, अशी तयारी करून रामराव बसले होते.

"ॲव्हरेज किती देत होती?" उकंडरावांनी विचारलं. "मले पाहाचंच राह्यलं होतं."

रामरावांनी सांगितलं. मग उकंडरावांनी चढावर दम लागायचा का ते विचारलं, पावसात किका किती माराव्या लागायच्या ते विचारलं, आणि जेवणाची वेळ झाली तरी ते एकेक विचारतच राहिले.