देवणीच्या वळूचे आकडे

‘माणसाला आकड्यांत मोजणे ही विकृती असून ती आमच्या संस्कारांत बसत नाही,’ असे लातूरच्या त्या नामांकित क्लासने नोटिशीत म्हटले होते. नोटीस गणित शिकवणाऱ्या भार्गवीला होती. ऑनलाइन पोकरमध्ये प्रतिस्पर्धी किती डावांत उतरतो, किती वेळा बोली वाढवतो आणि दबाव आणला की किती वेळा पत्ते टाकून देतो, याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर ती वापरते, हा तिचा गुन्हा.

संस्कारांचे हे विधान तपासायला भार्गवीला जिनाही उतरावा लागला नाही. नोटीस ज्या भिंतीवर डकवली होती, तिच्यावरच रविवारच्या चाचणीचा निकाल होता. सोमवारी त्या निकालाप्रमाणे मुले बाके बदलत. पहिला पहिल्या बाकावर आणि उरलेले उतरत्या क्रमाने पंख्याच्या वाऱ्याबाहेर. लोह्याहून, मुदखेडहून आलेली पोरे एकमेकांची नावे केव्हाच विसरली होती. ‘ए दोनशे बारा, सरक की’ म्हणत. पोरगा कुठे अडतो, कुठे अंदाजाने उत्तर ठोकतो, याचा आलेख दर आठवड्याला बापाच्या मोबाइलवर जाई. तेही सॉफ्टवेअरच. फरक इतकाच, की पोकरच्या टेबलावर कोणाला बापाने आणून बसवलेले नव्हते, आणि भार्गवी जिथे खेळे तिथे हे साधन नियमात बसत होते.

संचालक माधवरावांनी तिला केबिनमध्ये बोलावले. शेजारी अंबरीश सर होते. फिजिक्सचे, शहरातल्या प्रत्येक फ्लेक्सवर हात बांधून हसणारे.

“बस भार्गवी,” माधवराव म्हणाले. “लई ताणू नको. माफीनामा टाइप करून ठेवलाय. सही कर, उद्यापासून वर्ग घे. नाही तर आज शेवटचा दिवस.”

“तक्रार कोणाची, सर?”

“ते गोपनीय हाय.” त्यांनी चष्मा चढवून कागद वाचला. “स्टाफरूममध्ये मॅडमच्या उघड्या लॅपटॉपवर ‘देवणीचा वळू’ या सभ्य खेळाडूच्या नावापुढे, शंभरातल्या सत्तर डावांत उगाच उतरतो, असं अपमानास्पद लिहिलेलं आढळलं.”

“लिहिलेलं नव्हतं, मोजलेलं होतं,” भार्गवी म्हणाली. “पण सर, तिथं कोणाचं तोंडसुद्धा दिसत नाही. वळू सभ्य आहे, हे तक्रारदाराला कसं कळलं?”

“खेळण्यावरून कळतंय की!” अंबरीश सर म्हणाले.

“खेळण्यावरून तर तो भित्रा वाटतो. रुबाबात आत शिरतो, कोणी डोळे वटारले की पत्ते टाकून मोकळा.”

“भित्रा? परवा मी मुद्दाम टाकले पत्ते! तो डावपेच होता माझा!”

अंबरीश सर मूळचे देवणीचे, हे माधवरावांना तेव्हा आठवले असावे.

“आणि हा वळू,” भार्गवी शांतपणे म्हणाली, “रविवारी चाचणीची घंटा झाली की टेबलावर येतो आणि सुटीची घंटा झाली की उठतो. सॉफ्टवेअर वेळही मोजतं, सर. रविवारी मला सुटी असते; तेव्हा वर्गावर देखरेख कोणाची असते?”

माधवरावांनी अंबरीशकडे पाहिले. मग खिडकीबाहेर, जिथे फ्लेक्सवर तोच अंबरीश हसत होता. प्रवेश महिन्यावर आले होते. त्यांनी माफीनामा तिच्यापुढे सरकवला.

“त्यांचं मी बघतो. तू सही कर.”

दर वर्धापनदिनी माधवराव सांगत, की भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शिकवायला बसलो तेव्हा एकेका लेकराचे नाव तोंडपाठ होते. त्या शेडमधल्या लेकरांत भार्गवी होती. गावातले घर पडले होते, नव्या वसाहतीत घराला फक्त क्रमांक मिळणार होता. तेव्हा तिला नावाने हाक मारणारा हाच माणूस होता.

“सर, शेवटच्या बाकावर आज कोण बसलंय, सांगता?”

“रोल नंबर बघावा लागंल,” ते सवयीने म्हणाले.

“सुदर्शन. मुदखेडचा.”

तिने पेन उघडले, टाइप केलेल्या मजकुरावर एक सरळ आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरांत लिहून सही केली:

“आरोप मान्य. मी प्रतिस्पर्ध्यांचे आकडे ठेवले, यापुढेही ठेवीन. ते सगळे सज्ञान होते, आपल्या पायांनी टेबलावर आले होते, आणि त्यांचे आकडे मी भिंतीवर लावले नाहीत. भिंतीवर लावले ते या क्लासच्या मुलांचे, तुमच्या सांगण्यावरून, दर सोमवारी, माझ्याच हातांनी. माफी मागते ती त्या मुलांची. तुमची नाही.”