आत ओढलेलं हो

साडेदहाला प्रबंध ठोकायचा होता. खरोखरच ठोकायचा: विद्यापीठातल्या लाकडी फळ्यावर, सगळ्यांदेखत, खिळ्यानं. स्वीडनमध्ये त्याशिवाय पुढची जाहीर परीक्षा होत नाही. विब्के जर्मनीहून इथे आली, पुस्तकांतून भाषा शिकली आणि साडेचार वर्षं या एका खिळ्यासाठी झिजली.

विषय होता संमती. स्मृतिभ्रंशात ज्यांचे शब्द हरवले, त्यांचा नकार ओळखायचा कसा? दूर उत्तरेतल्या एका वृद्धाश्रमातून तिनं रेकॉर्डिंग मागवली होती. स्वतः काही गेली नव्हती. खुर्चीवरून उठायची तत्त्वज्ञानाला सवय नसते. "घालू का आंघोळ?" असं परिचारिकेनं विचारलं, की अकरापैकी दहा आज्या झटकन श्वास आत ओढत. हा दचका म्हणजेच नकार, असं चौथं प्रकरण सांगत होतं. बाकीचा प्रबंध त्याच्याच खांद्यावर बसलेला.

शिपाई सिक्स्टेन हातोडी घेऊन आला.

"खिळा आणलास ना?" तिनं विचारलं.

त्यानं झटकन श्वास आत ओढला.

"अरे, काय झालं? छातीत दुखतंय का?"

"मला काय धाड भरलीय? हो म्हटलं की!"

"कधी म्हणालास?"

"आत्ता! आमच्या उत्तरेत हो असंच म्हणतात. तिथल्या थंडीत तोंड कोण उघडणार?"

विब्के प्रबंधांच्या खोक्यावरच बसली. रेकॉर्डिंग कुणाला ऐकवायची नाहीत, हा नियम तिनंच लिहिला होता. तरी तिनं त्याच्या कानाला हेडफोन लावले.

"ही हो म्हणतेय," सिक्स्टेन म्हणाला. "हीपण. ही तर अगदी खुशीत आहे, बघ."

नवव्या आजीपाशी त्यानं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. तिथं श्वास नव्हता. नुसती शांतता, मग नळाचं पाणी.

"ही नाही म्हणाली गं," तो हळूच बोलला. "तरी घातली?"

ही एकटीच राजी होती, असं विब्केनं छापलं होतं.

तेवढ्यात मार्गदर्शक टॉर्केल हिरवा केक घेऊन आला, मागे सगळा विभाग. तिनं त्याला कोपऱ्यात ओढून कसंबसं सांगितलं.

"चुकांची चिठ्ठी चिकटव आत," तो कुजबुजला. "सगळेच चिकटवतात."

"टॉर्केल, कसली चिठ्ठी? सगळं चौथं प्रकरणच उलटं आहे!"

"जूनमध्ये तुझी मुदत संपतेय. आज नाही, तर कधीच नाही. कळतंय ना?" आणि मग लोकांकडे वळून, मोठ्यानं, हसत: "काय विब्के, ठोकायचा ना?"

विब्केनं खोक्याकडे पाहिलं. साडेचार वर्षं खोक्यात रचून ठेवली होती, वीस जण केकच्या बशा धरून उभे होते. तिला नाही म्हणायचं होतं आणि शब्दच येईना.

"लाजतेय!" टॉर्केल म्हणाला. "सिक्स्टेन, दे तिला हातोडी."

सिक्स्टेननं तिच्याकडे पाहिलं. थोडं थांबला. कान देऊन.

मग हातोडी त्यानं पिशवीत परत ठेवली.

"ती नाही म्हणाली," तो म्हणाला.